कोमट तेलाची वाटी

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे आणि ती आत्ता माझ्या खुर्चीपासून चार हातांवर, बाल्कनीच्या दारात झोपली आहे. नाव तोंडातून निघालं की ती उठणार. उठताना ती आधी पुढचे दोन पाय रोवते, मग मागचा डावा, आणि मागचा उजवा कुठे ठेवावा याचा थोडा वेळ विचार करते. तो विचार मला बघवत नाही. म्हणून नुसतं 'ती'.

ती मला कळंबोलीच्या लोखंड बाजारात सापडली. पावणे एमआयडीसीत माझं पत्र्याचं छोटं वर्कशॉप आहे. कारखान्यात हवा खेळवायला जे पत्र्याचे चौकोनी डक्ट लागतात ते आम्ही बनवतो. पत्रा आणायला मी स्वतः जातो, कारण दुसऱ्याने निवडलेला पत्रा मला पटत नाही. दुसऱ्याने दिलेला सल्लाही पटत नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. त्या दिवशी एका उभ्या ट्रेलरच्या चाकाला टेकून कुत्र्याचं हे मूठभर पिल्लू बसलं होतं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. आईचा पत्ता नव्हता. ट्रेलरवाला म्हणाला, "ले जाओ सेठ, मैं गाडी निकालूँगा तो ये जाएगी." मी तिला टेम्पोत पुढे मांडीवर घेतलं आणि खारघरला घरी आणलं. बायको दारात म्हणाली, "पत्रा आणायला गेलेलात ना तुमी?"

बसणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. वर्षाची होईपर्यंत तिने आमच्या सोफ्याची वाट लावली आणि पार्किंगमधल्या स्कूटरींवरून उड्या मारायला लागली. एकीवरून नव्हे, ओळीने लावलेल्या चारींवरून. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन वर आले. मी त्यांना चहा पाजला आणि उडी कशी स्वच्छ होती, आरशाला शेपूटसुद्धा लागली नाही, हे समजावून सांगितलं. ते चहा अर्धा टाकून गेले.

मग कुणीतरी सांगितलं की रविवारी सकाळी खारघरच्या एका मोकळ्या प्लॉटवर काही लोक कुत्री घेऊन जमतात. तिथे मला कळलं की या प्रकाराला अ‍ॅजिलिटी म्हणतात आणि हा रीतसर खेळ आहे. मैदानात उडीचे दांडे मांडलेले, एक कापडी बोगदा, उतरत्या छपरासारख्या जोडलेल्या दोन फळ्या, ओळीने रोवलेले बारा खांब. कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने त्यातून जायचं. माणसाने बाजूने धावत हाताने रस्ता दाखवायचा. गळ्यात पट्टा नाही, हातात खाऊ नाही. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, एक रूल आहे. मिस्टेक झाली तर ती माणसाची. डॉगची कधीच नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

तिथली बाकीची कुत्री परदेशी जातीची, विंचरलेली. आमची कळंबोलीची. पण सहा महिन्यांत त्या मैदानात तिच्या जवळपास कुणी फिरकत नव्हतं. उडीचे दांडे मीच पाइप कापून बनवले, फळ्या वर्कशॉपमध्ये केल्या, आणि दर रविवारी सुरू करण्याआधी खाली वाकून मातीची चिमूट उचलायचो आणि तिच्या कपाळाला लावायचो. लोक हसायचे. आमच्या गावच्या तालमीत पैलवान तसं करतात, ते माझ्या डोक्यात होतं. चिमूट लावून घेताना ती डोळे मिटायची आणि मी 'चल' म्हटलं की सुटायची. मी डावा हात केला की डावीकडे, उजवा केला की उजवीकडे. पन्नाशी गाठेपर्यंत माझ्या नुसत्या हातावर इतका भरवसा कुणी टाकला नव्हता. घरात नाही, वर्कशॉपमध्ये तर नाहीच. त्या भरवशाची मला चटक लागली, खरं सांगायचं तर.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे, तरुणपणी कुस्ती खेळायचे. एका कुस्तीत डावा गुडघा फिरला आणि तालीम सुटली. मग ते इकडे आले आणि तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी झाले. त्याच गुडघ्यावर त्यांनी पस्तीस वर्षं पोती वाहिली. मी लहान असताना आम्ही कोपरखैरण्याच्या एका खोलीत राहायचो. दुपारी ते मार्केटातून येऊन भिंतीला टेकून बसले की मी स्टोव्हवर तेलाची वाटी कोमट करायचो आणि त्यांचा गुडघा चोळायचो. कसं चोळायचं ते मी सुट्टीत गावच्या तालमीत वस्तादांना बघून शिकलो होतो. अंगठा गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरायचा, मग गोल, मग पोटरीकडे खाली ओढायचं. तालमीतला नियम सोपा होता. मुरगळलं की चोळा, आणि चोळून झालं की पुन्हा मातीत उतरा. पडून राहिलं की दुखणं अंगात घर करतं. आण्णा डोळे मिटून बसायचे आणि चोळून झालं की माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. शाळेत मी कशातच पहिला नव्हतो, पण ते काम माझ्याइतकं कुणाला जमत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आई गेल्यावर आण्णा आमच्याकडे खारघरला आले. आता ते ऐंशीला टेकलेत. बाल्कनीजवळची खुर्ची त्यांची, आणि खुर्चीखालची जागा तिची.

ती चार वर्षांची होती तेव्हा एका सोमवारी सकाळी उठताना तिने मागचा उजवा पाय उचलून धरला. चार पावलं तीन पायांवर चालली, मग पाय टेकवला आणि ठीक झाली. आदल्या दिवशी सराव जास्त झाला होता. पुढच्या सोमवारी तेच. शिकवणाऱ्या मुलीला मी सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, हिला गॅप द्या. डॉक्टरला दाखवा आधी. टेन्शन नाय, पण दाखवा."

तीन आठवड्यांनी पुण्याजवळ मोठी स्पर्धा होती. मी डॉक्टरला दाखवलं नाही. कशाला दाखवायचं? दुखऱ्या गुडघ्याचं काय करायचं ते मला वयाच्या आठव्या वर्षापासून येत होतं. मी तेलाची वाटी कोमट केली.

रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला हॉलमध्ये सतरंजीवर आडवी करायचो आणि उजवा पाय मांडीवर घ्यायचो. अंगठा वाटीखाली, मग गोल, मग खाली ओढ. पहिले दोन दिवस ती उठून जायला बघायची. मी 'थांब' म्हणायचो. ती माझा शब्द मोडत नव्हती. तिसऱ्या दिवसापासून ती मान वळवून माझा चोळणारा हात चाटायला लागली. मी जोर दिला की जास्त चाटायची. मी बायकोला मोठ्या कौतुकाने दाखवलं. "बघ, कसं बरं वाटतंय तिला. थँक्यू म्हणतेय."

आण्णा खुर्चीतून बघत होते. एकदा म्हणाले, "लय जोर लावू नगंस."

"आण्णा, तुमच्याच गुडघ्यावर शिकलेला हात आहे हा," मी म्हणालो.

ते बाल्कनीबाहेर बघत बसले. मला वाटलं, जुने दिवस आठवत असतील.

चोळल्यावर ती तासाभराने खरोखर नीट चालायची आणि मैदानात तर लंगडण्याचं नाव नसायचं. 'चल' म्हटलं की तीच ती. मी शिकवणाऱ्या मुलीला म्हणालो, "बघितलंस? घरचा इलाज." तिने त्या रविवारी आमच्यासाठी दांडे खाली केले होते, ते मी जाऊन परत वर चढवले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर मी तिचा पाय चोळला. मातीची चिमूट लावली. सुटली ती. बोगदा, फळी, खांब, सगळं बिनचूक. शेवटून तिसऱ्या उडीनंतर मला एक आवाज ऐकू आला. आखूड, किंकाळीसारखा. मी पुढे धावत होतो, माझी तिच्याकडे पाठ होती. आवाज कुठल्या तरी दुसऱ्या कुत्र्याचा असेल असं मला वाटलं, किंवा मी तसं वाटून घेतलं. यातलं खरं काय ते आजही मला सांगता येत नाही. मी हात पुढे केला आणि ओरडलो, "ये!"

ती आली. शेवटच्या दोन उड्या तिने तीन पायांवर मारल्या. दांडा पडला नाही. माझ्यापाशी पोहोचली आणि खाली बसली, उजवा पाय बाजूला लोंबत होता, आणि ती शेपटी हलवत होती, कारण ती आली होती ना, मी बोलावल्याप्रमाणे. बायको मैदानाच्या कडेला उभी होती. ती नंतर मला म्हणाली, "सगळ्यांना दिसत होतं. तुमाला सोडून." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलणारे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, गुडघ्यातला एक बंध असतो, तो आधीच अर्धा तुटलेला असणार, महिनाभर तरी. आता पूर्ण गेला आणि आतली गादीही फाटली. मी चोळण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "चोळण्याने नाही तुटला. पळण्याने तुटला. पण चोळल्यावर पाय मोकळा व्हायचा, तुम्हाला वाटायचं बरा झाला, आणि तुम्ही पळवायचात." मग त्यांनी विचारलं, "चोळताना हात चाटायची का?"

मी म्हणालो, "हो, खूप."

"कुत्री तसं करतात. फार दुखत असेल आणि चावायचं नसेल तर. बास कर, असं सांगायची त्यांची रीत असते ती."

मी एक्स-रेकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

ऑपरेशनमध्ये हाड कापून त्याचा कोन बदलतात आणि वर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवतात. नंतरच्या एक्स-रेवर ते स्क्रू मला स्पष्ट दिसले. आयुष्यभर मी पत्र्याला पट्ट्या आणि स्क्रूच मारत आलोय. काम चोख होतं. मी वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी जाळीचा पिंजरा बनवला, कारण सहा आठवडे तिला उडी, धाव, जिना, सोफा काहीच चालणार नव्हतं. जाळीच्या कडा मी तीनदा घासल्या. माझ्या हातून तिला आणखी ओरखडा उठायला नको होता.

पिंजऱ्यात ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती माझ्याकडे बघायची. रविवारी सकाळी मी मैदानावरचे बूट घालायचो ते लपवून ठेवावे लागले, कारण ते दिसले की ती जाळीला धडका द्यायची. गाडीच्या किल्ल्या रुमालात बांधून खिशात ठेवायला लागलो. सू करायला नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा, आणि तसं लिफ्टमधून खाली. मग पाचव्या आठवड्यापासून घड्याळ लावून पाच मिनिटं चालायचं, पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आण्णाही बरोबर यायचे. ते डाव्या पायाने लंगडायचे, ती उजव्या. सेक्रेटरी एकदा गेटवर थांबून बघत होते. मला वाटलं काही टोमणा येणार. ते म्हणाले, "स्कूटरी आम्ही थोड्या आत लावल्यात. जागा मोठी होईल तिला." मी मान हलवली. त्यांना परत चहाला बोलवायचं राहूनच गेलं.

माझ्या मनात एक हिशेब चालू होता आणि मी तो कुणाला सांगत नव्हतो. तीन महिन्यांनी हाड जुळेल. मग आधी दांडे जमिनीवर ठेवून चालवायचं. मग चार बोटं वर. मग वीतभर. वर्कशॉपमध्ये मी त्या उंचीच्या खाचा पाडून नवे दांडे तयारही केले होते. बाराव्या आठवड्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे हाताने हलवून बघितले, बराच वेळ. मग म्हणाले, हाड छान जुळलंय, पण सांध्याची झीज सुरू झाली आहे, आणि दुसरा गुडघाही सैल लागतोय. उडी नाही. आत्ता नाही, कधीच नाही.

"मग पट्टी कशाला घातली?" मी तोंड सोडलं. माझा आवाज चढला होता. बाहेर कुणाचं तरी मांजर घाबरून ओरडलं.

"चालायला," डॉक्टर म्हणाले.

घरी आणली. गाडीतून उतरताना तिने सवयीने उडीचा पवित्रा घेतला आणि मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मीच 'चल' म्हणायचो आणि आता मीच धरून ठेवत होतो, याचा अर्थ तिला कसा लागावा? लिफ्टमध्ये मी रडलो. चौथ्या मजल्यावर एक बाई आत आली, तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी मला हातांना काहीतरी काम हवं होतं. आण्णांचा गुडघा पार्किंगमधल्या चालण्याने सुजला होता. मी म्हटलं, निदान हे तरी करू. कित्येक वर्षांत केलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर तेलाची वाटी कोमट केली, हॉलमध्ये आलो आणि त्यांच्या खुर्चीसमोर सतरंजी अंथरून बसलो.

पिंजऱ्याचं दार आता उघडंच असायचं. तेलाचा वास सुटला तशी ती उठली. पुढचे पाय, मग डावा, मग उजव्याचा तो विचार. मला वाटलं, घाबरून आत जाईल, आणि गेली असती तर ते मी समजू शकलो असतो. ती बाहेर आली. चालत माझ्यापर्यंत आली, सतरंजीवर माझ्या आणि आण्णांच्या मध्ये आडवी झाली, आणि उजवा पाय माझ्या मांडीकडे लांब केला. पाय थरथरत होता. मी हातही लावला नव्हता, तरी तिने मान वळवून माझं मनगट चाटायला सुरुवात केली होती.

मी वाटी हातात धरून तसाच बसलो.

आण्णांनी लेंगा वर सरकवला होता, तो खाली ओढला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मलाबी नगं."

"सुजलाय आण्णा तुमचा."

"सुजू दे." त्यांची नजर तिच्या पायावर होती. "तू बारका असताना चोळायचास न्हवं का. लय दुखायचं मला. जीव जायचा. पोती उचलताना दुखायचं न्हाई तेवढं दुखायचं."

"मग बोलला का नाही कधी?"

"शाळेतनं पळत यायचास. दप्तर टाकलं की वाटी घेऊन हजर. तोंड आसं फुललेलं आसायचं तुजं." त्यांनी नुसतीच मान हलवली. "कसं न्हाई म्हनायचं? मीबी आसाच पाय लांब करून बसायचो."

मी उठलो. वाटी मोरीत पालथी केली. साबणाने हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. टॉवेलला हात पुसत परत हॉलमध्ये आलो, तेव्हाही ती तिथेच होती, माझ्या वाटेकडे बघत, पाय लांब करून.